असोला मजकूर

मामांच्या ओव्यांची सीडी वाचली ती मामीमुळे. तिने ती देव्हाऱ्यावरच्या फळीवर, पोथ्यांच्या खाली ठेवली होती. जुलै २०२१ मध्ये म्हादई नदीचं पाणी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कितीतरी घरांत शिरलं, तसं मामांच्याही घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर मधल्या खोलीत गुडघाभर गाळ होता आणि त्या गाळात मामांच्या बत्तीस वह्या. त्यांनी एकेक वही धुतली, पडवीत दोरी बांधून वाळत घातली. शाईने लिहिलेलं पान धुतलं म्हणून कोरं होत नाही. सगळं निळसर होतं आणि त्या निळ्यात कुठे एखादा काना, कुठे एखादी वेलांटी दिसत राहते. मामा त्या वेलांट्यांकडे बघत बसायचे, असं मामी सांगते.

मामा प्राथमिक मराठी शाळेत मास्तर होते. बदली होईल त्या गावात शाळा सुटल्यावर ते घरोघरी जात आणि बायकांकडून जात्यावरच्या ओव्या, धालोची गीतं, फुगड्या उतरवून घेत. परक्या पुरुषासमोर बायका गायला लाजत, म्हणून मामी सोबत असे. आधी मामी गाई, मग बाकीच्यांना कंठ फुटे, आणि मामा ओसरीवर भिंतीला टेकून, आत न बघता, लिहीत. सव्वीस वर्षं हे चाललं. निवृत्त झाल्यावर, २००२ मध्ये, हाती आलेल्या पैशांतले थोडे मोडून त्यांनी सगळ्या ओव्या डिचोलीत एका डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेतल्या. पुस्तक निघायचं होतं. निघालं नाही. का निघालं नाही, ते मामा सांगत नाहीत, म्हणून मी विचारत नाही.

पुराच्या त्या वर्षी चवथीला घरी गेले, तेव्हा गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून त्यांनी ती सीडी माझ्या हातात दिली. "बाय, बघ गो, यात काही उरलंय काय."

मी पणजीला पाटोवर एका कचेरीत हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिते. तेव्हा हे काम माझ्याकडे येणं ठरलेलंच होतं. सीडी घालायला लॅपटॉपला जागा नव्हती, म्हणून शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडीत एकच वर्ड फाइल होती, १८६ पानांची. उघडली. पडद्यावर रोमन अक्षरांची रास. मध्येच कंस, स्वल्पविराम, पौंडाची खूण, डोक्यावर दोन टिंबं असलेला ओ. मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"ही कसली भाषा?"

"मराठीच आहे, मामा."

बोलून गेले खरी, पण ते कितपत खरं होतं याचा विचार मी त्यानंतर कित्येक महिने करत राहिले.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं छपाईतलं मराठी हे संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. त्याला रोमन अक्षरांचे क्रमांक ठाऊक होते. मग आपल्याकडच्या हुशार लोकांनी क्रमांक रोमनचेच ठेवले आणि फॉन्टमध्ये त्या त्या जागी देवनागरीचा एकेक तुकडा काढून बसवला. कुठे अर्धा म, कुठे नुसता काना, कुठे रफार. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, प्रत्येक घराण्याची मांडणी निराळी. एका फॉन्टात जिथे अर्धा म, तिथे दुसऱ्यात भलतंच काही. याच फॉन्टांनी आपली वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, देवळांच्या पावत्या, दिवाळी अंक छापून दिले, हे विसरून चालणार नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आपापला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. पण घरच्या संगणकावर ती नीट उमटू लागली विंडोज २००० पासून, आणि छपाईच्या दुकानांपर्यंत पोचायला तिला आणखी बराच काळ लागला.

म्हणजे मामांच्या फाइलीत साठवलेलं होतं ते रोमन. मराठी होतं फॉन्टात. आणि तो फॉन्ट दुकानातल्या संगणकाबरोबर, फॉन्ट चालावा म्हणून त्याच्या पाठीमागे लावायच्या लॉकसकट, कधीच भंगारात गेला होता. फाइलीत मराठीची एकच खूण शिल्लक होती. वर्डच्या वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसतं, तिथे ते नाव अजून दिसत होतं. फॉन्ट नव्हता, नाव होतं.

मला फादर स्टीफन्स आठवले. गोव्यातल्या माणसाला ते आठवणारच. भारतातला पहिला छापखाना इथे आला १५५६ मध्ये. पुढे साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, रायतूरला स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि अक्षरं सगळी रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. चारशे वर्षांनी माझ्या मामांच्या ओव्याही रोमन अंगात अडकलेल्या. फरक एवढाच की स्टीफन्सच्या रोमनला आवाज होता. ज्याला ती लिपी येई तो ओवी मोठ्याने वाचू शके. मामांच्या फाइलीतल्या रोमनला आवाजही नव्हता. ती अक्षरं ज्यांची म्हणून दिसत होती त्यांची नव्हतीच.

पहिल्या रात्री मी आमच्या धंद्यातलं कुणीही करेल तेच केलं. सगळा मजकूर निवडला, कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केला. आम्हाला तशी सवयच लागलेली असते. फॉरमॅटिंग म्हणजे कचरा, आधी तो काढायचा, साधा मजकूर हाती घ्यायचा, मग कामाला लागायचं. त्या फॉन्टची मांडणी हुडकून मी एक तक्ता केला, कुठला रोमन क्रमांक म्हणजे देवनागरीचा कुठला तुकडा असा, आणि सगळा मजकूर त्यातून काढला. बऱ्याच ओव्या दिसू लागल्या. पहाटे दोनला मी पहिली ओवी वाचली तेव्हा अंगावर काटा आला.

सकाळी उजेडात पाहिलं तर मधेमधे गाळ होता. मामांनी ओव्यांत आलेल्या झाडांची शास्त्रीय नावं टिपांमध्ये रोमन लिपीत दिली होती. ती खरीखुरी रोमन. पण माझ्या तक्त्याला कसं कळणार? नोटपॅडमध्ये आणल्यावर खरं रोमन आणि मराठीच्या पोटातलं रोमन, दोन्ही एकसारखं दिसतं. मूळ फाइलीत त्यांच्यात फरक होता, शास्त्रीय नावांचा फॉन्ट वेगळा होता. तो फरक मीच पुसला होता.

आणि एक गोष्ट गेली होती, ती मामांनी फोनवर विचारल्यावर कळली. "तिरके शब्द तिरकेच आलेत ना गो?"

"कुठले तिरके?"

मग त्यांनी सांगितलं. वहीत लिहिताना काही शब्द त्यांना ऐकू यायचे पण कळायचे नाहीत. गाणारीला विचारलं तर ती म्हणे, आई असंच म्हणायची. असे शब्द त्यांनी ऐकले तसेच लिहिले आणि खाली लाल पेन्सिलीने रेघ मारली. टाइप करणाऱ्या मुलाला बजावलं, लाल रेघेचे शब्द तिरके कर. त्याने इमानाने केले. त्या तिरकेपणाचा अर्थ होता: हा शब्द माझा नाही, तिचा आहे, आणि मला अजून कळलेला नाही.

वह्या गेल्या तेव्हा लाल रेघा गेल्या. आता त्या संशयाची एकच नोंद जगात उरली होती, फाइलीतलं इटॅलिक. आणि मी ते कचरा म्हणून झाडून टाकलं होतं.

त्या दिवशी माझं मत बदललं ते कायमचं. इंग्रजीत फॉरमॅटिंग काढलं तर शब्दांचे कपडे जातात, शब्द राहतात. आमच्या या जुन्या मराठीत फॉन्टचं नाव काढलं तर मराठीच जाते. आणि जिथे एखाद्या मास्तराने तिरकेपणात आपला प्रामाणिकपणा ठेवलाय, तिथे तो काढण्याचा अधिकार मला कुणी दिला?

मी एक छोटं डेस्कटॉप ॲप लिहायला घेतलं. काम एकच: क्लिपबोर्डवरचा, म्हणजे कॉपी केल्यावर पेस्ट होईपर्यंत संगणक जिथे धरून ठेवतो तिथला, मजकूर त्याच्या सगळ्या साजासकट वाचायचा आणि जपून ठेवायचा.

कॉपी-पेस्ट हे शब्द कात्री आणि डिंकाच्या जमान्यातून आले. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात ते पडद्यावर आणले. मामा सांगतात, डिचोलीच्या दुकानातही प्रुफातली चुकलेली ओळ नव्याने छापून, कापून, जुन्या ओळीवर चिकटवत. कागदाचा तुकडा कापला की त्यावर जे असेल ते सगळं बरोबर येतं, लाल रेघही येते. संगणकातलं कॉपी तसं नाही. आपण कंट्रोल आणि सी दाबतो तेव्हा मूळ प्रोग्राम एकच वस्तू अनेक रूपांत मांडून ठेवतो. बाजारात नारळ मांडतात ना, तसं. एक असोला, वरच्या जाड सालासकट. एक सोललेला, शेंडी राखलेला. आणि हल्ली पिशवीत खोवलेलं खोबरंसुद्धा. वर्डमधून कॉपी केलं की साधा मजकूर असतो, युनिकोड मजकूर असतो, फॉन्ट-तिरकेपणासकट मजकूर धरणारं आरटीएफ असतं, वेबपानांसाठीचं एचटीएमएल असतं. विंडोजच्या यादीत साध्या मजकुराचा क्रमांक १, युनिकोड मजकुराचा १३. आरटीएफ आणि एचटीएमएल यांना असा ठरलेला क्रमांक नाही, ती रूपं नावाने नोंदवून मागावी लागतात. पेस्ट करून घेणारा त्यातलं आपल्याला झेपेल ते उचलतो. नोटपॅडने खोबरं उचललं. असोला नारळ तिथेच पडून होता, मी मागितला नव्हता.

खोबऱ्याने त्या दिवसाचं हुमण होतं. रोप करायचं तर असोला नारळच राखून ठेवतात.

काही रूपं तर मांडलेलीही नसतात, नुसती कबूल केलेली असतात. मूळ प्रोग्राम सांगून ठेवतो की आरटीएफ हवं असेल तर मागा, तेव्हा करून देतो. एवढी मोठी फाइल, सगळी रूपं आधीच करून ठेवायची म्हणजे वेळ जातो, म्हणून ही सोय. पण मधल्या वेळात तो प्रोग्राम कोसळला तर कबुली हवेत विरते. माझ्या घरी वीज गेली आणि जुना संगणक बंद पडला, तेव्हा हे मी शिकले. मग ॲपला शिकवलं की बटण दाबताच सगळी रूपं ताबडतोब मागून घे आणि तिथल्या तिथे डिस्कवर उतरव. क्लिपबोर्ड एका वेळी एकाच प्रोग्रामला उघडता येतो, तेव्हा दार बंद दिसलं तर क्षणभर थांबून पुन्हा ठोठाव, चार-पाच वेळा.

बटण मुद्दाम ठेवलं. कॉपी झालेलं सगळं आपोआप टिपत राहणारं ॲप करता येतं, सोपं आहे. पण क्लिपबोर्डवरून माणसांचे पासवर्ड जातात, बँकेचे आकडे जातात, कुणाला लिहिलेलं पत्र जातं. ते माझ्या फोल्डरमध्ये साठत राहावं असं मला वाटत नाही. जे जपायचं ते माणसाने बोट ठेवून सांगावं.

आरटीएफ उघडून पाहिलं तर जीव शांत झाला. हा प्रकार १९८७ पासूनचा, आणि पोटात नुसता साधा मजकूर, खुणांनी भरलेला. सुरुवातीलाच फॉन्टांची यादी: शून्य क्रमांकाचा अमुक, एक क्रमांकाचा तमुक. पुढे मजकूर चालता चालता खूण येते की इथून एक क्रमांकाचा फॉन्ट, इथून ठळक, इथून तिरका, इथे तिरका संपला. मामांच्या मराठी फॉन्टचा क्रमांक होता तिथेच माझा तक्ता लावायचा आणि शास्त्रीय नावांना हात लावायचा नाही. एवढ्याने गाळ निवळला.

मग खरं काम सुरू झालं. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, कारण उच्चारात ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. म्हणजे नुसता तक्ता पुरत नाही, तुकडे इकडचे तिकडे करावे लागतात. पुष्कळ अक्षरं तिथे अर्धं अक्षर अधिक काना अशी दोन तुकड्यांत असतात. टाइप करणाऱ्या मुलाने माउसने शब्द निवडून तिरका केला, तेव्हा कधी शेवटचा काना निवडीच्या बाहेर राहिला. डोळ्याला ते दिसतही नाही. पण आरटीएफमध्ये अक्षर मधोमध चिरलेलं: अर्धं तिरकं, काना सरळ. मी तुकडा तुकडा वेगळा वाचत होते म्हणून अशा प्रत्येक ठिकाणी अक्षर मोडत होतं. शेवटी आधी सगळे तुकडे जोडून शब्द पुरा करायचा, देवनागरीत आणायचा, आणि मग तिरकेपणा अक्षरागणिक परत चढवायचा असं केलं. या एका गोष्टीत माझे तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे मला पुन्हा मिळाले तरी मी तिथेच घालवीन.

एचटीएमएलच्या बाजूलाही वळण होतं. क्लिपबोर्डवरच्या एचटीएमएलला डोक्यावर एक छोटी पट्टी असते. मजकूर कुठे सुरू होतो, कुठे संपतो याचे आकडे त्यात असतात. ते आकडे अक्षरांचे नसतात, बाइटांचे असतात. युनिकोडचे क्रमांक बाइटांत साठवायची यूटीएफ-८ ही पद्धत, तिच्यात इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, म्हणून इंग्रजीत काम करणाऱ्याला दोन्ही सारखंच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. म म्हणजे २२४, १६४, १७४. देवनागरीत आणलेल्या ओव्या परत क्लिपबोर्डवर ठेवताना मी पट्टीत अक्षरं मोजून आकडे लिहिले आणि वर्डमध्ये पेस्ट केलं, तर ओव्यांचा जेमतेम तिसरा हिस्सा आला आणि पुढे तुटला. आधी मला वाटलं मजकूरच हरवला. हरवला नव्हता, मी सांगितलं तिथपर्यंतच वर्डने वाचलं होतं.

क्लिपबोर्ड वाचायला मी वापरत होते ती जुनी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड, तर हे बाइट एकेक सुटे वाचायची. मग म च्या जागी तीन चिन्हं येत: डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, चार काटे फुटलेलं वर्तुळ आणि वर्तुळातला आर. इतक्यांदा पाहिली की पुढे पुढे ती तिघं एकत्र दिसली की मला म च दिसायचा. लायब्ररीला बाजूला ठेवून कच्चे बाइट स्वतः घेतले आणि यूटीएफ-८ म्हणून वाचले, तेव्हा सुटलं.

साठवायचं कशात, यावर मी बराच काळ अडले. एकाच रूपात साठवलं की पुन्हा आपण निवड करतो आणि बाकीचं टाकतो. म्हणून ॲप तीन फाइली शेजारीशेजारी ठेवतं. पहिली, क्लिपबोर्डवरून आलेलं आरटीएफ, बाइटन् बाइट जसंच्या तसं, त्याला हात लावायचा नाही. माझा तक्ता चुकीचा ठरला तर उद्या दुसऱ्या कुणाला तिथून सुरुवात करता यावी. दुसरी, देवनागरीत आणलेलं, तिरकं-ठळक राखून, पुन्हा आरटीएफमध्ये. तिसरी, साधा मजकूर, शोधाशोधीसाठी.

दुसऱ्या फाइलीत एक गंमत आहे, तिच्याकडे मी अजूनही कधी कधी बघत बसते. आरटीएफला देवनागरी थेट लिहिलेली चालत नाही. म लिहायचा तर उलटी तिरकी रेघ, यू, मग म चा युनिकोड क्रमांक २३५०, आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह कशासाठी? एखाद्या जुन्या प्रोग्रामला युनिकोड कळत नसेल तर त्याने निदान ते दाखवावं म्हणून. म्हणजे मराठीच्या प्रत्येक अक्षराच्या शेजारी एक प्रश्नचिन्ह उभं असतं आणि वाचणाऱ्याला ओळख पटली की ते बाजूला होतं. मामांच्या लाल रेघेची मला तिथे आठवण होते.

मग दर रविवारी वाळपईची बस धरून मी मामांकडे जाऊ लागले. जुन्या प्रुफाची चाळीसेक पानं मामीच्या ट्रंकेत सापडली होती, बाकी सगळं मामांच्या पाठांतरावर. मी वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. तिसऱ्या का चौथ्या रविवारी त्यांनी डोळे उघडले.

"दर्या? सत्तरीत दर्या कुठून येईल? दऱ्या असेल ते. डोंगर-दऱ्या."

पडद्यावर दर्या होतं. मी मागे मागे जात शोधलं. र चं ते चंद्रकोरीसारखं अर्धं रूप माझं ॲप र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह अशा रीतीने लिहीत होतं. आणि साठवण्याआधी मजकूर स्वच्छ करायची एक पायरी मी जुन्या सवयीने ठेवली होती; न दिसणारी चिन्हं काढून टाकायची. ते जोडचिन्ह गेलं की र उडी मारून डोक्यावर रफार होऊन बसतो. डोंगरांच्या दऱ्यांचा दर्या झाला होता, साऱ्या पुस्तकभर. आचाऱ्यांचे आचार्य झाले होते. स्वच्छतेची ती पायरी मी मामांसमोरच काढून टाकली आणि सगळं पुन्हा फिरवलं. ओवी परत वाचली. ते म्हणाले, "हां. आता घाट चढला."

तिरके शब्द मोजले, १३७ भरले. त्यांची वेगळी यादी ॲप देऊ लागलं: शब्द, ओवी, गाव, गाणारीचं वय. एक शब्द होता मानस. मामांना त्याचा अर्थ माहीत होता, कुणालाही असतो, मानस म्हणजे मन. पण ओवीच्या पहिल्या चरणात मानस उघडतं, दुसऱ्यात मासळी येते, तिसऱ्यात भाऊ हसतो. मन उघडल्यावर मासळी का यावी? मामांना ते पटलं नव्हतं, म्हणून शब्द तिरका. खाली टीप: वय सत्तरच्या आसपास, माहेर दिवाडी.

"माहेर दिवाडी" हे मी आधीही वाचलं होतं आणि पुढे गेले होते.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुंजीसाठी दिवाडीला जायचं झालं. जुन्या गोव्याहून फेरीबोट घेतली. जेवणं झाल्यावर मामा म्हणाले, जरा चालू या. खाजनाच्या बांधावरून चाललो. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला मांडवीचं खारं पाणी, मधे मातीचा बांध. बांधात एके ठिकाणी चिऱ्यांची चौकट आणि तिला लाकडी दारं. ओहोटी लागली होती. आतलं पाणी दारं ढकलून जोरात बाहेर निघालं होतं आणि एक माणूस तोंडाशी जाळं लावून बसला होता. जाळ्यात चांदी हलत होती. भरती आली की नदीच्या पाण्याच्या दाबाने तीच दारं आपोआप मिटतात आणि खारं पाणी शेतात येत नाही; हे त्या माणसाने आम्हाला समजावून सांगितलं.

"हाका कितें म्हणटात?" मामांनी विचारलं.

"मानस," तो म्हणाला.

मामा तिथेच बांधावर खाली बसले. आमची सत्तरी डोंगराची. भरतीचं पाणी तिथे पोचत नाही, खाजनंही नाहीत. खालून लग्न होऊन वर आलेली एक मुलगी, जात्यावर बसून आपल्या माहेरचं दार आणि जाळं लावणारा भाऊ गात राहिली, आणि सासरी ते कुणालाही कळत नव्हतं. मामांनी ते ओसरीवर बसून लिहून घेतलं, खाली लाल रेघ मारली, आणि ती रेघ वहीतून इटॅलिकमध्ये, सीडीतून क्लिपबोर्डवर, माझ्या हातून एकदा पुसली जाऊन पुन्हा परत, इथवर आली होती.

परतीच्या बोटीत ते काही बोलले नाहीत. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पाय धुऊन ते सरळ टेबलाशी येऊन बसले.

"ती फाइल उघड गो."

मी दुसरी फाइल उघडली. मूळची तशीच राहू दिली. त्यांनी पडद्याला बोट लावलं.

"याचं तिरकं काढ आता."

मी शब्द निवडला, कंट्रोल आणि आय दाबलं, साठवलं. मामी दारात उभी राहून बघत होती. तिने ती ओवी हळू आवाजात म्हटली, पहिल्यांदाच अर्थासकट. मामांनी ती संपेपर्यंत वाट पाहिली.

"एकशे छत्तीस राहिले," ते म्हणाले. "पुढचा दाखव."